उतरलेल्या सेलांचा सूर

माझी माय सेल वाळत घालायची. देऊळघाटच्या आमच्या धाब्याच्या घरावर हिवाळ्यात मुगाच्या वड्या आणि लाल मिरच्या पसरलेल्या असायच्या, आणि त्यांच्या कडेला एका जुन्या ताटलीत टेपरेकॉर्डरचे सेल ओळीनं निजवलेले. उन्हानं सेलात परत थोडी धुगधुगी येते, हे तेव्हा अख्ख्या गावाला ठाऊक होतं. शिकलेले लोक हसायचे, पण त्यांच्याही गच्चीच्या कठड्यावर सेल दिसायचेच. माय म्हणायची, "मानूस उन्हात बसलं का त्याले बरं वाटते, मंग सेलाले काऊन नाही वाटनार?" यावर काय बोलणार! माझा नातू परवा मोबाईल चार्जिंगला लावत होता तेव्हा त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, आजी, तू काहीही सांगतेस. सांगते तर सांगते. या प्रकरणातलं पुढचं सगळं त्या ताटलीतूनच निघालेलं आहे.

टेपरेकॉर्डर आमचा नव्हता, वहिनीचा होता. तिच्या लग्नात माहेरून आला, आणि आल्या दिवसापासून माझा मोठा भाऊ दिगूदादा त्याच्यावर नागासारखा बसला. वहिनीनं त्याला दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं होतं. ते काढायचं दादानं, बटण दाबायचं दादानं, आणि कॅसेट अडकली की पेन्सिल घालून ती फिरवायची तीही दादानंच. घरात वीज होती, पण दिवसा ती कधी येईल आणि कधी जाईल ते तिलाही माहीत नसायचं. म्हणून सेल. दुपारी बाबा वावरातून येत, पाय धुवून भिंतीला टेकत, आणि माय चुलीवरून भाकर थेट त्यांच्या ताटात टाकी. थंडीत तुरीच्या कोवळ्या सोल्यांची आमटी असे, तिच्यावर कच्च्या तेलाची धार, शेजारी ठेचा. पलीकडच्या गिरणीचा पट्टा फटाफट वाजायचा, मशिदीतून दुपारची अजान व्हायची, आणि या सगळ्याच्या मधे वहिनीच्या कॅसेटीतली कुणी तरी बाई प्रेमभंगाचं गाणं म्हणायची. बाबा जेवता जेवता म्हणत, "इले कोनं एवढं रडवलं वं?" विमल हे माझं नाव, पण घरात आणि गावात मी इमल होते. आजही मला विमल म्हणून हाक मारली तर मी दुसऱ्यांदा मारल्यावर वळते.

मी गाण्याची मास्तरीण होईन असं चौथीपर्यंत कुणाला वाटलं नव्हतं, कारण चौथीत मला मुकं केलं होतं. झेंडावंदनाच्या गाण्याला आमच्या गुरुजींनी पोरं रांगेत उभी केली, प्रत्येकाच्या तोंडाशी कान नेला, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "इमल, तू नुसतं तोंड हालव. आवाज नको काढू. बाकीच्याइचा बिघडते." मी घरी येऊन रडले. माय तशीच पिठाच्या हातानं शाळेत गेली आणि म्हणाली, "गुर्जी, तोंड हालवाले पोरगी शाळेत कायले पायजे? ते तं घरी बी दिवसभर हालवते." सगळे हसले, गुरुजीसुद्धा हसले, पण मला गाऊ काही दिलं नाही. वर्षभर मी तोंड हलवलं. पुढं चिखलीला मामाकडे राहून शिकताना एका पेटीवाल्या गुरुजींकडे गेले, दोन परीक्षा दिल्या, गळा सापडला. तरी त्या वर्षाचा राग माझ्या अंगातून गेलेला नाही. वय झालं म्हणून माणसाचे राग विझतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या घरी येऊन चहा घ्यावा.

तर मी विशीत असताना मला नोकरी लागली. देऊळघाटपासून थोडं आत एका गावात मुलींची शाळा होती. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि जी नव्हती त्यांची नातवंडं आता चांगली आहेत. नेमणूक कच्ची, एका वर्षाची. संस्थेच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, गाणं हा काही गणित-इंग्रजीसारखा विषय नाही. तुमची जागा पक्की करायची तर काहीतरी दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे! गाणं ऐकू यावं अशी कुणाचीच मागणी नव्हती. तेवढ्यात जिल्ह्याच्या समूहगान स्पर्धेआधी संगीत शिक्षकांसाठी चिखलीला एक शिबिर ठरलं. पुण्याहून मार्गदर्शक येणार होते. दिवाळीनंतर पहिला भाग, त्यात शिक्षकांनी शिकायचं. मधल्या काळात शाळेत जाऊन मुलींकडून बसवून घ्यायचं. संक्रांतीनंतर दुसरा भाग, त्यात आपापला गट आणून दाखवायचा. मार्गदर्शक प्रत्येक शिक्षकाबद्दल आपलं मत संस्थेला कळवणार होते. अध्यक्ष मला म्हणाले, "त्यांनी बरं म्हटलं की तुमची जागा पक्की." घरी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "मंग काय, म्हनू दे बरं. म्हनाले काय लागते?"

शिबिर एका हायस्कूलच्या हॉलमध्ये होतं. मी सकाळच्या एस.टी.नं बुलढाण्यावरून चिखलीला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मार्गदर्शक सर मोठे नीटनेटके गृहस्थ होते. खादीचा सदरा, गळ्यात मफलर, सोबत काढ्याची बाटली. आवाज गोड आणि सुरात पक्का. त्यांनी पहिला षड्ज लावला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मी नाकारणार नाही. त्यांनी आम्हाला पुष्कळ काही शिकवलं. मुलांना उभं कसं करायचं, खांदे न उचलता श्वास कसा घ्यायचा, ओळीच्या शेवटी सगळ्यांनी एकदम कसं थांबायचं. त्यातलं निम्मं मी पुढं आयुष्यभर वापरलं. आमची भाषा मात्र त्यांना टोचायची. मी एकदा म्हणाले, "सर, मले हे जमून नाही राह्यलं," तर ते अगदी प्रेमानं म्हणाले, "बाई, आधी आपण बोलणं स्वच्छ करू, मग गाणं." हॉलमध्ये खसखस पिकली. माझ्या शेजारी चिखलीच्या उर्दू शाळेच्या शमीमबाई बसल्या होत्या. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बोलना साबन से धोते क्या इनके यहाँ?" त्या दिवसापासून आम्ही एकाच डब्यात जेवलो. त्यांच्याकडची मसूरडाळ आणि माझ्याकडची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, असा आमचा सौदा होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सरांनी 'आवाजांची निवड' शिकवली. प्रत्येक मुलाला एक सूर द्यायचा, लागला तर पुढची रांग, नाही लागला तर मागची. पण स्पर्धेच्या नियमानं गटात ठराविक मुलं हवीतच, आणि आमच्यासारख्या लहान शाळांत मुलं मोजकी. मग काय करायचं? सरांनी त्यावर तोडगा सांगितला. मागच्या रांगेनं गायचं नाही, नुसते ओठ हलवायचे. त्या रांगेला त्यांनी नावही छान ठेवलं होतं: साहाय्यक रांग. "मुलांना वाईट वाटत नाही," सर म्हणाले. "मंचावर उभं राहायला मिळतं, एवढ्यातच ती खूश असतात." मी बोटांनी बाकाची कड धरून बसले होते. बोलले काही नाही. नोकरी कच्ची असली की माणसाची जीभही कच्ची असते. शेवटी त्यांनी प्रत्येकाला एक कॅसेट दिली. तिच्यात गाण्याचं नुसतं वाद्यसंगीत होतं. सगळ्या जिल्ह्यानं त्याच कॅसेटीवर तेच गाणं गायचं, म्हणजे तुलना सोपी. गाणं देशाच्या मातीचं होतं, बरं होतं, आणि कडव्याच्या शेवटी पार वर चढायचं. पेटीवर ते काळी पाचात बांधलेलं होतं, म्हणजे उंचच. "मुलांचा आवाज मुळातच उंच असतो, तो तिथंच खुलतो," असं सरांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी ते देववाणी म्हणून ऐकून घेतलं.

आता टेपरेकॉर्डर शाळेत न्यायचा म्हणजे दादाच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस घरात बोलाचाली झाली. अखेर वहिनी म्हणाली, "माह्या बापानं देल्ला हाय. नेऊ द्या ना तिले. नोकरीचा सवाल हाय." दादानं नवीन सेल घालून तो मला दिला आणि बजावलं, "हे सेल संक्रांतीलोक पुरले पायजे. दुसरे भेटनार नाही." मी तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन जायची. शाळेत वीज फक्त ऑफिसात, आणि पेटी तर नावालाही नव्हती. वडाखाली मुली उभ्या करून मी पहिल्यांदा कॅसेट लावली आणि माझं अवसान गळालं. ध्रुवपद कसंबसं झालं, पण कडवं वर चढलं तशा पोरी एकेक करून गळाल्या. कुणाचा आवाज चिरकला, कुणी डोळे मिटून ओरडली, कुणी गप्पच झाली. पुढच्या चार-पाच जणी तेवढ्या पोचल्या. सगळ्यांत वाईट हाल वच्छीचे. ही वच्छी म्हणजे सातवीतली, हाडापेरानं मोठी, शाळा सुटली की शेळ्या वळायला जाणारी. तिचा आवाज रुंद आणि खोल होता. नाल्याच्या पलीकडच्या शेळीला ती अलीकडून हाक मारायची आणि शेळी वळायची. तो आवाज कडव्यात वर जाताना मधेच तुटायचा, आणि मग ती स्वतःच्या तोंडावर हात ठेवायची. शिकवल्याप्रमाणं मी निवड केली असती, तर अर्ध्याहून जास्त पोरी मुक्या झाल्या असत्या. मी निवड केली नाही. ओठ हलवा असं म्हणायला तोंड उघडलं की मला पिठाच्या हातांची माय दिसायची.

मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही गायलो. मार्गशीर्ष गेला, पौष लागला. सेल थकत गेले. मी घरी आले की माय ते काढून ताटलीत घालायची, सुटीच्या दिवशी धाब्यावर दिवसभर ऊन द्यायची, आणि तेच परत टेपात जायचे. टेप जरा रेंगाळून वाजू लागला, हे माझ्या ध्यानात येत होतं. पण रोज केसाएवढं उतरणारं कुणाला कळतं? पडताळायला पेटी नव्हती. मला कळत होतं ते एवढंच की पोरी गायला लागल्यात. आधी मधल्या रांगेतल्या कडव्याला पोचल्या, मग मागच्या, आणि एका दुपारी वच्छीचा आवाज न तुटता वर गेला आणि तिथं उभा राहिला. झाडाखाली पोत्यावर बसलेला शिपाईमामा उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, हे पोट्टी गाऊन राह्यली का कोनी गाडी आनली?" सगळ्या हसल्या, वच्छी सगळ्यांत जास्त. मी घरी येऊन मायला म्हणाले की माझ्या शिकवण्याला फळ आलं. खरंच मला तसं वाटत होतं. सकाळ-संध्याकाळ श्वासाचे पाठ घेतले, घसा बसेपर्यंत गाऊन दाखवलं, आणि बघा, जमलं. माय सेल ताटलीत लावत होती. तिनं नुसतं 'हाव' म्हटलं.

संक्रांत झाली आणि आम्ही चिखलीला गेलो. मुलींनी जन्मात पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एस.टी. भरली होती. बसमध्ये तिळाच्या वड्या वाटल्या गेल्या, दोघींना ओकाऱ्या झाल्या, आणि हॉलच्या पायऱ्या चढताना सगळ्यांनी एकमेकींच्या वेण्या ओढून नीट केल्या. सकाळी सराव, दुपारी सादरीकरण. हॉलमध्ये शाळेचा मोठा टेप होता, विजेवर चालणारा, दोन मोठ्या खोक्यांचा. कॅसेट लागली आणि मला वाटलं, ही दुसरीच आहे. ते गाणं तुरुतुरु पळत होतं आणि उंच, कुठल्या कुठं उंच. माझ्या पोरी पहिल्या ओळीलाच गोंधळल्या. कडव्यात तर त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवसासारख्याच फुटल्या. वच्छीचा आवाज तुटला आणि हॉलमध्ये दुसऱ्या शाळेची पोरं फिदीफिदी हसली. सर मंचावर आले. रागावले नाहीत, ते कधी रागवायचे नाहीत. एकेकीच्या तोंडाशी कान नेला आणि बोटानं मागं जा, मागं जा, असं दाखवत राहिले. वच्छीपाशी थांबून म्हणाले, "बाळ, तू फक्त ओठ हलव हं." मग मला म्हणाले, "बाई, निवड केली नाहीत तुम्ही. आता मी केली आहे. दुपारी अशाच उभ्या करा." वच्छी माझ्याकडे वळली. रडत नव्हती. तिनं सरळ विचारलं, "बाई, माहा आवाज खराब हाय का वं?" मी तिची सुटलेली वेणी बांधली आणि सगळ्यांना डबे घेऊन बाहेर चला म्हटलं.

जेवणाच्या सुटीत मुली हॉलमागं कडुनिंबाखाली डबे सोडून बसल्या. मी शमीमबाईंसोबत व्हरांड्यात डबा उघडून बसले होते. तेवढ्यात खाली कुणीतरी हात धुता धुता गाणं गुणगुणायला लागली. दुसरीनं उचललं, तिसरीनं उचललं, आणि बघता बघता सगळ्या गाऊ लागल्या, कॅसेट नाही, कुणी सांगितलं नाही, तोंडात भाकरीचा घास तसाच. आणि ते गाणं पक्कं होतं. कडवं वर गेलं आणि वच्छी तिथं उभी राहिली. शमीमबाईंचा हात थांबला. "इमलबाई, ये तो नीचे गा रई ना सब?" असं म्हणून त्या उठल्या, आतून पेटी आणली आणि बोट ठेवलं. काळी पाच नाही. एक पट्टी खाली, नाही. आणखी खाली. तिसऱ्या पट्टीला सूर पोरींच्या सुरात असा मिसळला की पेटी वेगळी ऐकू येईना. माझ्या श्वासाच्या पाठांनी काही झालं नव्हतं. दादाचे सेल उतरत गेले, टेप हळू होत गेला, गाणं रोज केसभर खाली आलं, आणि जिथं पोरींचा गळा होता तिथं एक दिवस येऊन पोचलं. मायच्या ताटलीनं त्याला तिथं तोलून धरलं. पोरी पहिल्यापासून सुरातच होत्या. बेसूर काही असेल तर ती पट्टी होती! चौथीतली मी आठवली, झेंड्याखाली तोंड हलवणारी, आणि मला एवढा संताप आला की हातातला घास मी डब्यात आपटला.

मी सरांकडे गेले. ते काढा घेत होते. मी सगळं सांगितलं, सेलाचंही सांगितलं. ते हसले, पण वाईट हसले नाहीत. म्हणाले, "गंमत आहे. पण बाई, कॅसेट सगळ्यांना एकच आहे. तुमच्यासाठी पट्टी उतरवली तर उद्या प्रत्येक जण मागेल." मी म्हटलं, "मागू द्या ना सर. प्रत्येकाचा गळा वेगळा हाय." घाईत तोंडातून हाय गेलं. त्यांनी कप खाली ठेवला. "तुमची नेमणूक कच्ची आहे ना? अध्यक्ष बोलले माझ्याशी. हट्ट करू नका. पुढच्या पाच जणी छान गातात, बाकीच्यांना ओठ हलवू द्या. ऐकायला सुरेख होईल आणि मी तुमच्याबद्दल चांगलंच सांगेन." त्यांनी हे माझ्या भल्यासाठी म्हटलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण दुसऱ्याच्या लेकरांचं तोंड बंद करून होणारं भलं मला नको होतं. मी 'बरं सर' म्हणून बाहेर आले. एवढं एकच खोटं मी त्या दिवशी बोलले, आणि ते मला बोलायचंच होतं.

दुपारी हॉल भरला. आमचे अध्यक्षही आले होते, पुढच्या खुर्चीत. मी मुलींना सरांनी लावल्या तशाच उभ्या केल्या, पाच पुढं, बाकी मागं. टेपवाल्यानं बटणावर बोट ठेवलं. मी हात वर केला आणि म्हटलं, "टेप बंद ठेवा भाऊ." तो सरांकडे बघू लागला. मी वाट बघितली नाही. मुलींकडे वळले, जेवणाच्या सुटीतला तो षड्ज लावला, आणि म्हटलं, "घ्या वं पोरीहो. सगळ्याइनं." हॉलच्या पाठीमागून पेटीवर तोच सूर लागला. शमीमबाई होत्या; त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पोरींनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. आधी दबकत. वच्छीचे ओठ हलत होते आणि डोळे माझ्यावर. मी तिच्याकडे बघून मान हलवली. कडवं वर चढलं तेव्हा मागची रांग अशी उघडली की पुढच्या पाच जणींनी मागं वळून पाहिलं. मी किती गायक ऐकले आयुष्यात, मोठमोठ्या मैफलींना बसले, पण छाती भरून आली असं तेव्हाच झालं. माझे हात ताल देत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते.

गाणं संपल्यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या. फार नाही पडल्या, खोटं कशाला सांगू. लोक सरांचा चेहरा बघून मग टाळ्या वाजवत होते. सर मंचावर आले. चेहरा तसाच शांत. म्हणाले, "सूचना पाळणं हाही शिक्षकाचा गुण असतो." मग त्यांना वच्छी दिसली. "बाळ, तुला ओठ हलवायला सांगितलं होतं ना मी?"

वच्छी म्हणाली, "हालवले ना सर. आवाज आपोआप आला."

हॉल फुटला. मघाशी फिदीफिदी हसणारी पोरं आता बाकावर हात आपटत होती, आणि हे हसणं वेगळं होतं. सरांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मी बघितलं. पण आमचे अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि उठून गेले.

परतीच्या एस.टी.त पोरी सगळा रस्ता गायल्या. नोकरी गेली, हे मी खिडकीशी बसल्या बसल्या समजून चुकले होते. तसंच झालं. उन्हाळ्याच्या सुटीत निरोप आला की पुढच्या वर्षी गाण्याच्या बाईंची गरज नाही. पण अध्यक्ष उठून गेले हे मी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं, तेव्हाच दादा अंगणात येरझारा घालू लागला. "एवढं एक डाव आयकलं असतं तं काय झालं असतं? पोट्ट्या काय मरून चालल्या होत्या? ओठच तं हालवाचे होते!" माय भाकर थापत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "सगळ्या गायल्या का वं?"

"हाव."

"ते शेळ्यावाली बी?"

"ते तं सगळ्याइच्या वर."

"मंग जेवाले बस," माय म्हणाली आणि भाकर माझ्या ताटात टाकली. दादाला म्हणाली, "तू बी बस. अन् तुहे सेल ताटलीत हायेत, घेऊन टाक एकदाचे."

पुढं मला नोकरी मिळाली ती पार संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं यायला कुणी मास्तर तयार नव्हता. तिथं गेले आणि तिथंच केस पांढरे केले. वच्छीचं लग्न झालं, ती मोताळ्याकडे असते, तिच्या नातीच्या बारशाला मी जाऊन आले. पाळण्याशी तीच गायली, आणि अजूनही शेजारच्या गल्लीतलं माणूस वळून बघतं. या सगळ्यात कुणावर उपकार झाले, कुणाचं कल्याण झालं, असलं मी काही म्हणत नाही. वच्छी गात राहिली. मला तेवढं पुरतं.

आता गंमत अशी की संगीत शिक्षकांच्या शिबिरांना मलाच मार्गदर्शक म्हणून बोलावतात. गेल्या हिवाळ्यात चिखलीला झालं. तरुण मुलं-मुली, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये गाण्याचा ट्रॅक. बोटानं एक रेघ सरकवली की ट्रॅकची पट्टी खाली येते, वेग तोच राहतो. सेल थकवायला नकोत, ऊन द्यायला नको. मी विचारलं, कितीजणांनी आपल्या मुलांसाठी ती रेघ सरकवली? सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मागची रांग ओठ हलवते का, असं विचारलं तेव्हा तर कुणी वरही बघेना. मी सगळ्यांना मोबाईल पिशवीत टाकायला लावले. एक मुलगी उठली, चांगली धीट होती, डोळ्यांत भीती आणि नोकरी कच्ची. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगता ते पटते. पण सगळ्या लेकरांना गाऊ दिलं तं स्पर्धेत नंबर कसा येईन?"

"नाही येनार," मी म्हटलं. "माहा तं एक डाव बी नाही आला. चला, सा लावा. मागच्या रांगेपासून."